एका वाफेवर दोन कॉलम

मार्च-एप्रिलमध्ये काजूची बोंडं पिकली की गोव्यात भाट्या पेटतात. बोंडांचा रस आंबवायचा, भांड्यात उकळायचा, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि ते भांडं गार राहावं म्हणून त्यावर पाणी ओतत राहायचं. आधी उर्राक मिळतो, तो परत भट्टीवर चढवला की फेणी. भाटीवाल्याच्या हातात दोनच गोष्टी असतात: खालचा जाळ आणि वरचं पाणी. जाळ जास्त झाला तर पाण्याची वाफही बरोबर येते आणि माल हलका पडतो. जाळ मंदावला तर धार तुटते.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतले उंच, चंदेरी कॉलम हेच काम करतात. फरक इतकाच की जाळाच्या जागी स्टीमचा वाल्व्ह असतो, ओतायच्या पाण्याच्या जागी कंडेन्सर, आणि भाटीवाल्याच्या जागी कंट्रोल रूममधली एक स्क्रीन. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे मापन आणि नियंत्रणाच्या उपकरणांचा माणूस. या स्क्रीनसमोर खूप रात्री काढल्या आहेत. स्टीम वाचवणाऱ्या डिस्टिलरीबद्दल लिहिताना सगळे नव्या कॉलमचं आणि हीट एक्स्चेंजरचं कौतुक करतात. पण स्टीम वाचवताना आपण काय गमावतो आणि ते कशाने भरून काढावं लागतं, हे फारसं कुणी सांगत नाही. मला ते सांगायचं आहे.

आधी कॉलम म्हणजे काय ते पाहू.

मळी आंबवून जे मिळतं त्याला वॉश म्हणतात. त्यात साधारण ८ ते १२ टक्के अल्कोहोल असतं, बाकी बहुतेक पाणीच. अल्कोहोल ७८.३ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी १०० ला. म्हणून वॉश उकळला की निघणाऱ्या वाफेत अल्कोहोलचं प्रमाण मूळ वॉशपेक्षा जास्त असतं. ती वाफ गार करून पुन्हा उकळली तर आणखी जास्त. कॉलममध्ये एकावर एक रचलेल्या ट्रेंवर हेच पुन्हा पुन्हा होतं. खालून वाफ चढते, वरून द्रव उतरतो, आणि प्रत्येक ट्रेवर दोघांची गाठ पडते. वाफेतलं पाणी द्रवात उतरतं, द्रवातलं अल्कोहोल वाफेबरोबर वर जातं.

वरून उतरणारा हा द्रव येतो कुठून? डोक्यावरून निघालेली वाफ गार करून त्यातला मोठा भाग आपण परत कॉलममध्ये सोडतो. त्याला रिफ्लक्स म्हणतात. एवढ्या कष्टाने वर चढवलेला माल परत खाली सोडायचा हे नव्या माणसाला वेडेपणाचं वाटतं, पण रिफ्लक्स नसेल तर वरच्या ट्रे कोरड्या पडतील आणि शुद्धता मिळणार नाही.

खर्च इथेच होतो. समजा आपण १ किलो स्पिरिट बाहेर काढतो आणि ३ किलो रिफ्लक्स परत सोडतो. म्हणजे वर ४ किलो वाफ पोचवावी लागली. स्पिरिटची १ किलो वाफ करायला अंदाजे ९०० किलोज्यूल लागतात, तर ४ किलोला ३,६०० झाले. बॉयलरची १ किलो स्टीम पाणी होताना साधारण २,२०० किलोज्यूल देते. हिशेब दीड किलो स्टीमच्या वर गेला, आणि हा फक्त एका कॉलमचा. ही उष्णता वर पोचल्यावर कंडेन्सरमध्ये जाते, तिथून कूलिंग टॉवरला आणि तिथून हवेत. अल्कोहोलबरोबर ती बाहेर पडत नाही. स्टीमच्या रूपात आत आलेली जवळजवळ सगळी उष्णता आपण दुसऱ्या टोकाला, थोड्या कमी तापमानाला, फेकून देतो.

मग ती फेकण्याऐवजी दुसऱ्या कॉलमखाली का लावू नये?

लावता येते, पण एक अडचण आहे. उष्णता गरमाकडून गाराकडेच जाते. एका कॉलमच्या डोक्यावरची वाफ ७८ अंशांची आणि दुसऱ्याचा तळ १०० अंशांचा असेल तर ती वाफ त्या तळाला तापवू शकणार नाही. इथे दाब कामाला येतो. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० च्या वर उकळतं. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, तिथे ते ९५-९६ अंशांनाच उकळतं. डिस्टिलरीत आपण हीच गोष्ट मुद्दाम घडवतो. वॉशमधून अल्कोहोल काढणारा पहिला कॉलम, म्हणजे ॲनालायझर, व्हॅक्यूमखाली चालवायचा. त्याच्या वाफेचं शुद्धीकरण करणारा दुसरा कॉलम, म्हणजे रेक्टिफायर, दाबाखाली चालवायचा. ०.४ बारला पाणी ७६ अंशांना उकळतं, तेव्हा ॲनालायझरचा तळ तेवढ्यावर येतो. २ बारला अल्कोहोल ९७ अंशांना उकळतं, तेव्हा रेक्टिफायरचं डोकं तिथे जातं. (बार हे दाबाचं एकक, वातावरणाचा दाब साधारण १ बार. हे आकडे ॲबसोल्यूट दाबाचे आहेत. गेजवर वाचताना त्यातून वातावरणाचा दाब वजा होतो. नव्या ऑपरेटरची इथे हमखास गफलत होते.)

आता डोकं ९७ आणि तळ ७६. मध्ये २१ अंशांची उतरंड मिळाली. बॉयलरची स्टीम फक्त रेक्टिफायरच्या रीबॉयलरला, म्हणजे तळाचा द्रव उकळणाऱ्या भांड्याला, द्यायची. रेक्टिफायरच्या डोक्यावरची वाफ ॲनालायझरच्या रीबॉयलरमध्ये नेऊन तिथेच तिचं पाणी करायचं. एकाचा कंडेन्सर तोच दुसऱ्याचा रीबॉयलर. एकाच स्टीमवर दोन कॉलम चालतात. शिवाय कमी तापमानामुळे ॲनालायझरमध्ये क्षार कमी बसतात, कारण वॉशमधलं कॅल्शियम सल्फेट जास्त तापलं की लवकर थर धरतं. वाचलेली स्टीम म्हणजे वाचलेला बगॅस, बॉयलरमध्ये जाळायचा उसाचा चोथा. त्या बगॅसवर वीज करून विकता येते किंवा गाळप संपल्यावरही डिस्टिलरी चालवता येते. पेट्रोलमधलं इथेनॉलचं मिश्रण २००३ मध्ये ५ टक्क्यांपासून सुरू झालं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचलं. एवढं इथेनॉल काढायचं तर प्रत्येक लिटरमागे लागणाऱ्या स्टीमचा प्रश्न साधा राहत नाही.

इथपर्यंत सगळा फायदाच दिसतो. तोटा कंट्रोल रूममध्ये बसल्यावर कळतो.

पूर्वी दोन कॉलम होते आणि दोन जाळ होते. ॲनालायझरच्या तळाशी अल्कोहोल सुटून जातंय असं दिसलं तर त्याची स्टीम थोडी वाढवायची, रेक्टिफायरला त्याचं सुखदुःख नव्हतं. आता ॲनालायझरला स्वतःचा स्टीम वाल्व्हच नाही. त्याचा जाळ म्हणजे रेक्टिफायरची वाफ. आणि रेक्टिफायरला खायला काय, तर ॲनालायझरने पाठवलेलं अल्कोहोल. दोघं एकमेकांच्या जिवावर उभे आहेत. एकाला शिंक आली की दुसऱ्याला पडसं होतं, आणि ते पडसं फिरून पहिल्याकडे येतं.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. फर्मेंटर, म्हणजे वॉश आंबवायची टाकी, बदलला. आधीच्या वॉशमध्ये १० टक्के अल्कोहोल होतं, नव्यात साडेआठच आहे. ॲनालायझरला मिळणारी उष्णता तेवढीच, म्हणून त्याच्या डोक्यावरून वाफही तेवढीच निघते, पण तिच्यात पाणी जास्त असतं. ती गार होऊन रेक्टिफायरमध्ये शिरते. तिथलं अल्कोहोल कमी पडू लागतं, पाणी वरच्या ट्रेंकडे चढतं आणि मधल्या ट्रेंचं तापमान वाढतं. त्या ट्रेच्या तापमानावर स्टीमचा वाल्व्ह बांधलेला असेल, तर कंट्रोलर त्याला शिकवलेलं काम करणार: तापमान वाढलं, स्टीम कमी कर. रेक्टिफायर शांत झाल्यासारखा दिसतो. पण स्टीम घटली म्हणजे डोक्यावरची वाफ घटली, म्हणजे ॲनालायझरचा जाळ मंदावला. आता वॉशमधलं अल्कोहोल पुरतं निघत नाही. ते तळातून स्पेंटवॉशबरोबर, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या वॉशबरोबर, वाहून जातं. रेक्टिफायरला आणखी कमी अल्कोहोल मिळतं, तापमान पुन्हा वाढतं, कंट्रोलर स्टीम आणखी कमी करतो. प्रत्येक फेरीत नुकसान वाढत जातं. स्क्रीनवर मात्र तापमान सेटपॉइंटला, म्हणजे ठरवून दिलेल्या आकड्याला, चिकटलेलं, हिरवंगार.

यात कंट्रोलरची चूक नाही. कुठला वाल्व्ह कुठल्या मापनाला बांधायचा, त्या जोडीत चूक आहे. दोन जाळ असताना चालणारी जोडी एका जाळावर चालत नाही.

मला पटलेली मांडणी अशी: स्टीम वॉशच्या प्रमाणात द्यायची. वॉशचा प्रवाह वाढला तर स्टीम त्याच पटीत वाढेल, घटला तर घटेल. अशाने ॲनालायझरच्या तळाची गरज आधीच भागते, गडबड दिसायची वाट पाहावी लागत नाही. रेक्टिफायरच्या मधल्या ट्रेचं तापमान मग स्टीमने न सांभाळता बाहेर काढायच्या स्पिरिटच्या वाल्व्हने सांभाळायचं. तापमान वाढलं म्हणजे कॉलममध्ये अल्कोहोल कमी झालं, तेव्हा बाहेर काढणं कमी करा, रिफ्लक्स आपोआप वाढेल. आत जितकं अल्कोहोल येतंय त्याहून जास्त बाहेर काढता येत नाही, ही साधी जमाखर्चाची गोष्ट आहे. स्पिरिटचा वाल्व्ह नेमका त्याच जमाखर्चावर बसलेला आहे.

थर्मामीटर कुठे लावायचा, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. मला विचाराल तर निम्मं नियंत्रण त्यात आहे.

स्पिरिटची शुद्धता सतत मोजणारं उपकरण महाग असतं, त्याची निगाही मोठी. म्हणून सगळीकडे तापमानावरून अंदाज बांधतात. साहजिकच वाटतं की माल वरून निघतो तर तापमान वरच बघावं. पण तिथला थर्मामीटर जवळजवळ आंधळा असतो. पाण्याबरोबरच्या मिश्रणात अल्कोहोल वजनाने ९५.६ टक्क्यांना पोचलं की वाफ आणि द्रव एकसारखे होतात, पुढे साध्या ऊर्ध्वपातनाने जाता येत नाही. हे मिश्रण ७८.१५ अंशांना उकळतं. आणि ९० टक्क्यांचं मिश्रण? सुमारे ७८.४ ला. म्हणजे माल ९५ वरून ९० वर घसरला, टँकर परत येण्याची वेळ आली, तरी काटा पाव अंशच हलतो. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. वातावरणाच्या दाबाच्या आसपास कॉलमचा दाब १ किलोपास्कलने, म्हणजे पाण्याच्या १० सेंटिमीटर उंचीइतका, बदलला की उत्कलनबिंदूही साधारण पाव अंशाने बदलतो. काटा हलला तो माल बिघडल्यामुळे की दाब हलल्यामुळे, हे तुम्हाला सांगताच येणार नाही.

म्हणून थर्मामीटर खाली आणायचा, जिथे पाण्याचं राज्य संपून अल्कोहोलचं सुरू होतं. तिथे मोजक्या ट्रेंमध्ये तापमान कितीतरी अंशांनी उतरतं. मिश्रण जरा हललं की ही उतरंड वर किंवा खाली सरकते आणि काटा ठळकपणे बोलतो. बिघाड डोक्यावर पोचण्याआधीच कळतो, हा आणखी एक फायदा. फ्यूसेल ऑइल, म्हणजे आंबवताना तयार होणारी जड अल्कोहोलं, तीही याच पट्ट्याच्या आसपास साचतात, ती वेळेवर काढली नाहीत तर हीच तापमानं फसवू लागतात. एवढं करूनही दाबाची भानगड उरतेच. दाबाखालच्या रेक्टिफायरचा दाब दिवसभर थोडाथोडा हलत असतो, तेव्हा कंट्रोलरला कच्चं तापमान न देता त्या क्षणीच्या दाबानुसार दुरुस्त केलेलं तापमान द्यावं. डीसीएसमध्ये, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या संगणक प्रणालीत, हे दोन ओळींचं गणित आहे. ते नसलेले प्लांट मी पाहिले आहेत. तिथले ऑपरेटर कंट्रोलर मॅन्युअलवर टाकून बसतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

वेळेचंही भान ठेवावं लागतं. स्टीम वाढवली की वाफ सगळ्या ट्रेंतून झटकन वर जाते. रिफ्लक्स मात्र पायरी पायरीने उतरतो, एक ट्रे भरून सांडेल तेव्हा पुढची. १९७३ मध्ये वुड आणि बेरी यांनी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात मिथेनॉल-पाण्याच्या एका प्रायोगिक कॉलमवर हे मोजलं. स्टीम बदलल्यावर तळाला फरक दिसू लागायला ३ मिनिटं लागली, रिफ्लक्स बदलल्यावर ७ मिनिटं. स्टीमचा परिणाम डोक्यावरही होत होता आणि रिफ्लक्सचा तळावरही. एक सावरायला जावं तर दुसरं हलतं. नियंत्रण शिकवताना हे उदाहरण आजही घेतात. आणि तो एकच कॉलम होता, आपण तर दोन एकमेकांत गुंतवले.

इंधनाच्या इथेनॉलमध्ये आणखी एक गुंता आहे. उरलेलं पाणी मॉलिक्युलर सिव्हने काढतात. ३ अँगस्ट्रॉम छिद्रांचे खडे असतात, त्यांत पाण्याचा रेणू शिरतो, अल्कोहोलचा मावत नाही. खड्यांनी भरलेला एक बेड काम करतो तेव्हा दुसऱ्याला व्हॅक्यूम लावून वाळवतात, आणि त्यातून निघालेलं अल्कोहोल-पाणी परत रेक्टिफायरमध्ये पाठवतात. बेड दर काही मिनिटांनी बदलतात, म्हणून हा परतीचा प्रवाह धक्क्यांनी येतो. मधे एक टाकी असते. तिची पातळी अगदी ५० टक्क्यांवर धरून ठेवायचा हट्ट केला की प्रत्येक धक्का जसाच्या तसा कॉलमला बसतो. टाकी ठेवली आहे ती धक्के पोटात घेण्यासाठी. तिला ३० ते ७० मध्ये खुशाल हलू द्यावं, कंट्रोलर सुस्त ठेवावा. माझ्या अनुभवात एका डिस्टिलरीतला महिनाभराचा त्रास एवढ्या एका बदलाने गेला होता.

हे सगळं नीट बसलं की खरी बचत हाती येते, आणि ती डिझाइनच्या कागदावर दिसत नाही. ज्या कॉलमचं तापमान वरखाली उड्या मारतं तिथे ऑपरेटर सांभाळून चालतो. माल नापास होऊ नये म्हणून तो थोडा जास्त रिफ्लक्स, थोडी जास्त स्टीम देतो, आणि गरजेपेक्षा शुद्ध माल काढतो. ९५.६ च्या भिंतीजवळ शेवटचा प्रत्येक दशांश फार महाग पडतो, रिफ्लक्स झपाट्याने वाढवावा लागतो. उड्या कमी झाल्या की तोच ऑपरेटर न घाबरता मर्यादेच्या जवळ चालवतो. इंधनाच्या इथेनॉलसाठी तर रेक्टिफायरला भिंतीला टेकवायची गरजच नसते. थोडं पाणी सिव्हकडे सोडायचं. किती सोडायचं हे मात्र हिशेबाने ठरवायचं, कारण जास्त सोडलं तर सिव्हचा परतीचा प्रवाह वाढून तोच रेक्टिफायर पुन्हा दमतो.

रसायन उद्योगात याच प्रश्नाचा दुसरा अवतार आहे. एकाच कवचात उभी भिंत घालून दोन कॉलमचं काम करायचं, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक होती. साधारण ३० टक्के ऊर्जा वाचते. तरी बीएएसएफ या रसायन कंपनीने जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनला पहिला असा कॉलम चालवला तो १९८५ मध्ये. इतकी वर्षं लागण्यामागे हा कॉलम सांभाळता येईल का, ही भीती मोठी होती. भिंतीच्या दोन बाजूंना द्रव किती सोडायचा ते वरून ठरवता येतं. वाफ कशी वाटली जाईल ते मात्र भिंतीची जागाच ठरवते, चालू कॉलममध्ये त्यासाठी वाल्व्ह नसतो. पुन्हा तेच: उष्णता वाचली, एक वाल्व्ह गेला.

शेवटी आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. गाळप ऐन भरात होतं. रेक्टिफायरचा दाब २ बारवर चालायचा. तो हळूहळू २.१, २.२ असा चढू लागला. स्टीमचा वाल्व्ह पूर्वी ६० टक्के उघडा असायचा, तो ८० वर गेला. दाब वाढला की रात्रपाळीवाले वाफेचा एक फाटा मदतीच्या कंडेन्सरकडे उघडायचे. दाब लगेच उतरायचा आणि सगळ्यांना हायसं वाटायचं. पण तो फाटा उघडला की ॲनालायझरच्या वाट्याची उष्णता कूलिंग टॉवरला जायची, आणि पहाटेच्या नमुन्यात स्पेंटवॉशमध्ये अल्कोहोल सापडायचं.

दोन दिवस आम्ही दाबाच्या कंट्रोलरचं ट्यूनिंग बदलत बसलो. मग एका जुन्या शिफ्ट इनचार्जने विचारलं, "साहेब, दाब वाढतोय म्हणजे वाफेचं पाणी होत नाहीये. ते कुठे व्हायला पाहिजे?" ॲनालायझरच्या रीबॉयलरमध्ये. तिथल्या नळ्यांना आतून थर बसला होता. थरामुळे उष्णता जाईना, म्हणून वाफ साचत होती, दाब चढत होता, आणि दाबाबरोबर तिचं तापमान. २.४ बारला अल्कोहोल १०२ अंशांना उकळतं. पूर्वी २१ अंशांच्या उतरंडीवर जी उष्णता जायची ती ढकलायला आता २६ अंश लागत होते. दाब बिघडलेला नव्हता. गरज होती तेवढा तो स्वतःच वाढत होता, आणि आम्ही फाटा उघडून त्याला खाली ओढत होतो.

रीबॉयलर उघडला तेव्हा नळ्यांत अंड्याच्या टरफलाएवढा पांढुरका थर निघाला. सफाई करून कॉलम पुन्हा सुरू केला, दुपारपर्यंत दाब २ बारवर आला आणि स्टीमचा वाल्व्ह ६२ वर. त्यानंतर आम्ही स्क्रीनवर एक नवी रेघ घेतली: रेक्टिफायरच्या डोक्याचं तापमान वजा ॲनालायझरच्या तळाचं. ती २४ च्या वर गेली की सफाईची तारीख ठरवायची. मदतीच्या कंडेन्सरच्या फाट्यावर मर्यादा घातली. लॉगबुकात त्या रेघेसाठी वेगळा रकाना आखला, आणि प्रत्येक पाळीत सर्वात आधी तोच भरला जाऊ लागला.